अध्याहृत

व्याकरणाच्या तासाला मुले जांभया देतात. त्यांचा मला राग येत नाही. व्याकरण ही गोष्ट जांभईला पोषकच आहे. पण 'अध्याहृत' हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्ग थोडा जागा होतो, कारण त्या शब्दात एक लपंडाव आहे. 'उद्या येतो' या वाक्याचा कर्ता कोण, असे विचारले की मुले आधी एकमेकांकडे पाहतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतो, 'मी!' हा 'मी' वाक्यात कुठेही लिहिलेला नसतो. तरी क्रियापदाच्या शेवटावरून तो ओळखू येतो; तो पुरुष आहे हेदेखील कळते. न लिहिलेला आणि तरी सर्वांना ठाऊक असलेला, असा हा कर्ता.

स्पॅनिश भाषेतही ही सोय आहे. तिकडचे पंतोजी अशा कर्त्याला 'सुहेतो तासितो' म्हणतात, म्हणजे मूक कर्ता. आणि मौजेची गोष्ट अशी की, कार्लोस देसेना नावाच्या एका प्राध्यापकाने हे व्याकरणातले नाव उचलून माणसांना दिले. न्यूयॉर्कमध्ये येऊन राहिलेल्या डॉमिनिकन समलिंगी पुरुषांशी ते बोलत बसले, आणि २०११ साली त्यांचे पुस्तक निघाले, 'टॅसिट सब्जेक्ट्स'. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. या पुरुषांनी आपल्या घरी कधी काही सांगितलेले नसते. पण घरच्यांना ठाऊक नसते असे मुळीच नाही. चाळिशीचा मुलगा लग्न का करत नाही हे आईला कळते. रविवारी त्याच्याबरोबर जेवायला येणारा मित्र कोण हेही कळते. ती त्याच्या पानात चांगला तुकडा वाढते आणि विषय काढत नाही; मुलगाही काढत नाही. याला लपवाछपवी म्हणू नका, देसेना सांगतात. हा दोन्ही बाजूंनी पाळलेला एक करार आहे.

हे वाचून मला हसू आले. याकरता न्यूयॉर्कला कशाला जायला हवे? कोणत्या मराठी घरात असा एखादा बिनलग्नाचा काका नाही, आणि गणपतीला न चुकता येणारा त्याचा 'मित्र' नाही? पण ते असो. मला सांगायचे आहे ते मोठ्या माणसांविषयी नाही. चाळीस वर्षांच्या माणसाला हा करार परवडतो. त्याचे घरभाडे तो भरतो, रात्री कुलूप उघडून तो आपल्या घरात शिरतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे काय? त्याच्या वाक्याला अजून क्रियापदच मिळालेले नाही. मग न लिहिलेला कर्ता कुणी कशावरून ओळखायचा? आई गप्प आहे ती समजून गप्प आहे की कळल्यावर हाकलून देईल म्हणून गप्प आहे, हे त्या पोराला कसे कळावे? तेच मौन मोठ्या माणसाला आडोसा होते आणि मुलाला भिंत होते.

या विषयाकडे मी वळले ती ओघाने. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, मानसशास्त्र मी कधी शिकलेले नाही. कोकणातल्या एका शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. त्यामुळे दुसऱ्यांच्या घरात डोकावण्याची खोड मात्र पक्की जडलेली आहे. २०२३ च्या डिसेंबरात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी बिनपगारी रजा काढून मी टेक्सासात, सॅन अँटोनिओ या शहरी गेले. अमेरिका म्हणजे गोऱ्या माणसांचा देश, अशी माझी भाबडी समजूत होती. तिथे दर तीन माणसांतली जवळजवळ दोन माणसे हिस्पॅनिक निघाली. त्यांतली कित्येक तर कुठून आलेलीच नाहीत. १८३६ पर्यंत टेक्सास मेक्सिकोचाच होता, १८४५ मध्ये तो अमेरिकेने आपल्यात घेतला. माणसे जिथल्या तिथे राहिली आणि सीमा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. बाकीचे मागाहून आले. २०२० च्या शिरगणतीत सबंध देशात ६.२ कोटी हिस्पॅनिक भरले: मेक्सिकोचे, पोर्तो रिकोचे, क्यूबाचे, मध्य अमेरिकेचे. त्यांना एकाच मापाने मोजू नये हे मलाही कळते. तरी काही गोष्टी सगळीकडे सारख्या.

पहिली गोष्ट म्हणजे 'एल के दिरान'. याचा अर्थ 'लोक काय म्हणतील'. आपण हे वाक्य म्हणून म्हणतो. त्यांनी त्याचे चक्क नामच करून टाकले आहे. एखाद्या घरी दमा असावा, तसा त्या घरी 'एल के दिरान' असतो. दुसरी गोष्ट, घर म्हणजे आईबाप आणि मुले एवढेच नव्हे. आजी, मामा, आत्या, चुलत-मावस भावंडे, आणि शिवाय बाप्तिस्म्याच्या वेळचे मानलेले आईबाप. मुलगी पंधरा वर्षांची झाली की मोठा सोहळा करतात; त्यात केकचा खर्च एका मानलेल्या बापाचा, वाजंत्र्यांचा दुसऱ्याचा. म्हणजे मुलाला पाठीराखे वीस. पण घराने पाठ फिरवली तर बंद होतात ती दारेही वीस. आणि त्या दारांबाहेर काय आहे? शाळेत इंग्रजीचा धाक आहे. कामावर आडनाव ऐकून कपाळाला पडणारी आठी आहे. कित्येक घरांत कुणा एकाचे कागदपत्र नीट नसल्याची धास्ती आहे. आपले नाव जिथे नीट उच्चारले जाते अशी त्या मुलाची जागा एकच, ते घर. म्हणून त्या मुलाने घर गमावणे आणि सुखवस्तू गोऱ्या मुलाने घर गमावणे या दोन गोष्टी मला सारख्या वाटत नाहीत. दुःख सारखे असेल. पण एकाला पडल्यावर टेकायला काहीतरी सापडते, दुसऱ्याला तेही नसते.

बहिणीच्या शेजारच्या घरात असेच एक कुटुंब होते. आजी, तिचा मुलगा आणि सून, तीन नातवंडे, आणि येऊन-जाऊन असणारा धाकटा मुलगा, म्हणजे पोरांचा काका. मधला नातू सोळा वर्षांचा. आजींना सारी आळी 'अबुएला' म्हणे, म्हणजे आजीच. मीही तसेच म्हणू लागले. त्यांचे आणि माझे एकही वाक्य जुळत नसे, पण सुईण-बाळंतीण-डिंक या गोष्टींना भाषा लागत नाही. नाताळच्या आधी त्यांनी आम्हां दोघींना तमाले करायला बोलावले. तमाले म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा मक्याच्याच वाळल्या पानावर थापायचा, मध्ये मांसाचे सारण घालायचे, पान मिटायचे आणि वाफवायचे. आमच्याकडे नागपंचमीला हळदीच्या पानात पातोळे करतात, तेच पण तिखट. शेकड्यांनी करतात. घरातले सारे टेबलाभोवती बसतात, आणि कुणी कुठे बसायचे ते अबुएला ठरवतात. त्या बैठकीला परके माणूस बोलावणे म्हणजे त्याला घरचे म्हणणेच.

त्या दिवशी नातवाबरोबर त्याचा एक मित्र आला होता. चुणचुणीत, जरा लाजरा. अबुएलांनी त्याला पाहिले, भिजवलेल्या पानांचे भांडे त्याच्यापुढे सरकवले आणि स्वतःच्या उजव्या हाताची खुर्ची दाखवली. मी मनात म्हटले, झाले, हा करार झाला. आता कुणी काही बोलणार नाही. देसेनांचे पुस्तक तेव्हा मी वाचलेले नव्हते, पण आपल्याकडचे काका वाचलेले होते.

तासाभराने पोरांचा काका आला. हातात बिअरचा डबा, तोंडात गाणे. त्या दोघा मुलांकडे पाहून तो काहीतरी बोलला आणि हसला, आणि त्याच्या बोलण्यात मला स्वच्छ मराठी शब्द ऐकू आला: 'होतो'. मी दचकून वर पाहिले. या घरात मराठी कोण बोलले? टेबलाभोवतीचे हात थांबले होते. बहिणीने माझ्या पायावर पाय ठेवला. मागाहून तिने सांगितले की मेक्सिकन बोलीत ती एक घाण शिवी आहे, बायकी पुरुषाला, समलिंगी पुरुषाला देतात ती. अक्षरशः 'होतो'. आपल्या भाषेतले इतके साधे, भूतकाळातले क्रियापद, 'मी तिथे होतो' मधले. आणि तिथे ते पोरांच्या पाठीवर दगडासारखे बसते. त्या दिवसापासून वर्गात 'मी होतो, तू होतास' चालवताना माझी जीभ क्षणभर अडते.

अबुएलांनी हात पुसले. आवाज न चढवता धाकट्या मुलाला म्हणाल्या, 'हा शब्द माझ्या स्वयंपाकघरात नाही.' काका काहीतरी पुटपुटला, थट्टा होती, असे. तेव्हा त्यांनी नातवाकडे बोट केले, 'हा माझा नातू,' आणि मग शेजारच्या मुलाकडे, 'आणि हा त्याचा नोव्हिओ.' नोव्हिओ म्हणजे प्रियकर. नुसते 'मित्र' म्हणून भागले असते. त्या भाषेत 'पारेहा' असाही एक शब्द आहे, जोडीदार. तो बाईलाही चालतो आणि पुरुषालाही, अडचणीत सापडलेल्या माणसांचा तो मोठा आधार. तोही त्यांनी घेतला नाही. नातवाचे कान लालभडक झाले. त्याचा बाप उठून बाहेर ओटीवर गेला आणि बराच वेळ काळोखात उभा राहिला. मग आत आला, खुर्ची ओढून बसला आणि पीठ थापू लागला. काकाला अबुएला म्हणाल्या, 'पाने संपली, मागून घेऊन ये.' तो गेला आणि पाने घेऊन आला. एवढेच झाले. कुणी कुणाला मिठी मारली नाही, कुणी रडले नाही.

दोन दिवसांनी बहिणीला मध्ये घालून मी त्यांना विचारले, तुम्हांला कधीपासून ठाऊक होते? त्यांनी हात उडवला. ठाऊक असायला काय लागते, लहानपणापासून ठाऊक होते. पण मागच्या वर्षी पोरगा जेवेनासा झाला. दार लावून बसू लागला, शाळेतून चिठ्ठ्या येऊ लागल्या. 'तेव्हा मला कळले, मला माहीत आहे हे त्याला माहीतच नाही.' आणि देवाचे काय, मी भीत भीत विचारले, कारण त्यांच्या भिंतीवर ग्वादालुपेच्या मातेची तसबीर होती आणि तिच्यापुढे दिवा होता. त्या म्हणाल्या, तिला रोज विचारते; अजून तरी तिने उलट काही सांगितलेले नाही.

परत आल्यावर बहिणीने पाठवलेले काही वाचू लागले. शब्दकोश उशाशी ठेवून वाचावे लागले, पण वाचले. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेट युनिव्हर्सिटीत केटलिन रायन या बाईंनी २००२ मध्ये एक काम सुरू केले, त्याचे नाव 'फॅमिली ॲक्सेप्टन्स प्रोजेक्ट'. तोवर अशा मुलांचे जे काही पाहायचे ते शाळेत, दवाखान्यात, रस्त्यावर पाहिले जाई. घर म्हणजे मूल जिथून पळून आले ती जागा, एवढाच त्याचा हिशेब. या बाई घरांतच शिरल्या. मुलांशी, आईबापांशी, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये बोलल्या, आणि आईबाप नेमके काय करतात, काय बोलतात याची टिपणे केली. मग २१ ते २५ वयाच्या २२४ गोऱ्या आणि लातिनो तरुण-तरुणींना विचारले की तुमच्या किशोरवयात घरी यांतले काय काय झाले. २००९ च्या जानेवारीत 'पेडिॲट्रिक्स' या वैद्यकाच्या मासिकात त्याचा निष्कर्ष आला. ज्यांना घरच्यांनी फार झिडकारले त्यांच्यात, ज्यांना झिडकारले नाही किंवा थोडेच झिडकारले त्यांच्या मानाने, आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण ८.४ पट होते. तीव्र औदासीन्याचे ५.९ पट. आणि झिडकारणे सर्वांत जास्त कुणाच्या वाट्याला आले होते? लातिनो मुलग्यांच्या.

आकड्यांना मी जरा बिचकून असते. हे सारे मोठेपणी आठवून सांगितलेले आहे, आणि आठवण काही रोजकीर्द नव्हे. पण मला आकड्यांपेक्षा त्यांची यादी महत्त्वाची वाटली, झिडकारणे म्हणजे काय काय याची. मारणे, घराबाहेर काढणे हे त्यात आहेच. पण शाळेत कुणी छळले तर 'तूच तसा वागत असशील' म्हणणे तेही आहे. घरच्या समारंभाला न नेणे आहे. मित्राला दारात येऊ न देणे आहे. 'चाल जरा पुरुषासारखी ठेव' आहे. देव शिक्षा करील, हे आहे. आणि शेवटी, जे वाचून मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले ते असे: मुलाला ही गोष्ट घरात गुप्त ठेवायला लावणे, तिच्याविषयी बोलू न देणे. म्हणजे आपला तो अध्याहृत कर्ता. आपल्याला ज्या मौनाची सभ्यता वाटते, ते मौन त्या यादीत मारहाणीच्या पंगतीला बसलेले आहे.

आणि हे करणारे आईबाप राक्षस नसतात, हे रायनबाई पुन्हापुन्हा सांगतात. पुष्कळसे भीतीपोटी करतात. मुलाला जग मारील म्हणून आपणच आधी त्याला वाकवून सरळ करावे, अशी त्यांची समजूत असते. त्यांना वाटते ती माया. मुलाला पोचतो तो तिटकारा. मी वीस वर्षे पालकसभा घेते आहे, मला यात काही नवल वाटले नाही. आपल्या मुलाला वर्गासमोर लाज आणणारा बाप नेहमी 'त्याच्या भल्यासाठीच' बोलत असतो.

याच कामातले आणखी तीन आकडे मी वहीत उतरून ठेवले आहेत. मोठेपणी आपण समलिंगी म्हणून सुखाने जगू असे वाटते का, हा प्रश्न. ज्यांना घरात मुळीच स्वीकारले नाही त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांना तसे वाटत होते. ज्यांना भरभरून स्वीकारले त्यांच्यातल्या ९२ टक्क्यांना. ही दोन टोके कुणीही सांगितली असती. पण मधला आकडा पाहा. घरात थोडेसेच स्वीकारले होते त्यांचा, तो ५९. थोडेसे म्हणजे किती? त्याच्या मित्राला जेवायला थांब म्हणणे, दुसऱ्या कुणी वाईट बोलले तर गप्प न बसणे, इतके. या बाई आईबापांना तुमचा धर्म सोडा, तुमची रीत सोडा, असे सांगत नाहीत. जे करता त्यातले एक आज करू नका, म्हणतात. त्यांनी आईबापांसाठी पुस्तिका काढली ती स्पॅनिशमध्येही आहे.

लातिनो घरांत स्वीकार सरासरीने कमी, असेही २०१० च्या त्यांच्या दुसऱ्या लेखात आहे. परदेशातून आलेल्या, धार्मिक आणि गरीब घरांतही तसेच. ते खरे असेल. पण त्यावरून जे कुणी 'मागासलेली माणसे' म्हणून मान हलवतील त्यांच्याशी माझे भांडण आहे. ज्या घराला वीस दारे आहेत ते घर बंद झाले तर भयंकर. पण त्याच घरात एक म्हातारी 'हा शब्द इथे नाही' म्हणाली तर वीसच्या वीस माणसांना तो शब्द गिळावा लागतो. ही ताकद सुटसुटीत, चार माणसांच्या घरात कुठून येणार?

कादंबरीकार म्हणून मी एका पुस्तकावर मात्र जरा रुसले होते. बेंजामिन अलिरे साएन्स यांची 'ॲरिस्टॉटल अँड दान्ते डिस्कव्हर द सीक्रेट्स ऑफ द युनिव्हर्स' ही २०१२ सालची कादंबरी. टेक्सासच्या एल पासो गावी १९८७ च्या उन्हाळ्यात दोन मेक्सिकन-अमेरिकन पोरे पोहण्याच्या तलावावर भेटतात. दोघे पंधरा वर्षांचे. अॅरीला पोहता येत नाही, दान्ते शिकवतो. अॅरीच्या घरात मौनाचे राज्य आहे. थोरला भाऊ तुरुंगात आहे, त्याचे नाव निघत नाही. बाप व्हिएतनामच्या युद्धावरून आला आहे, तो त्याविषयी बोलत नाही. ओफेलिया नावाची एक लाडकी मावशी आहे. ती मरते तेव्हा नातलग येत नाहीत, कारण ती कितीतरी वर्षे एका बाईबरोबर राहिलेली असते. हे अॅरीला आईकडून कळते ते ती गेल्यावर. पुढे दान्तेला गल्लीतली पोरे मरेस्तोवर मारतात, आणि अॅरी त्यांच्यातल्या एकाचे नाक फोडतो. मग त्याचे आईबाप त्याला बसवून घेतात आणि बाप त्याला सांगतो की बाळा, तुझे त्या मुलावर प्रेम आहे. मुलाने आईबापांना सांगायचे, ही जगाची रीत. इथे आईबापच मुलाला सांगतात.

माझा रुसवा यावरच होता. म्हटले, असे आईबाप पुस्तकातच. पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की त्या संध्याकाळी बाप आधी दुसरेच काही करतो. तो युद्धातली आपली आठवण सांगतो, जी त्याने कुणाला सांगितलेली नसते. आधी आपले कुलूप काढतो, मगच मुलाच्या कुलुपाला हात घालतो. हे मात्र मला लिहिता आले असते तर बरे झाले असते. साएन्स हे एके काळी कॅथलिक पाद्री होते, आणि स्वतःविषयी उघडपणे बोलू लागले ते पन्नाशी उलटल्यावर. पोरांसाठी लिहिलेल्या त्या पुस्तकातले आईबाप इतके चांगले का, हा प्रश्न मग मी सोडून दिला.

पुस्तकातून बाहेर आले की जग असे मऊ नाही. २०१६ च्या १२ जूनला ऑर्लँडो शहरातल्या 'पल्स' या नाचघरात एका बंदूकधाऱ्याने ४९ माणसे मारली. ती लातिनो संगीताची रात्र होती. मेलेल्यांत बहुतेक लातिनो, त्यांतही पोर्तो रिकोचे फार. कित्येक आईबापांना आपला मुलगा, आपली मुलगी कोण होती ते त्या रात्रीच्या फोनवरून कळले. न लिहिलेला कर्ता असा पोलिसांच्या यादीत छापून आला. आणि त्याच यादीत एक अकरा मुलांची आई होती. ती आपल्या समलिंगी मुलाबरोबर नाचायला आली होती. मुलगा वाचला, ती गेली. तिचा मला वारंवार विचार येतो, तिच्या मरणाचा नव्हे, त्याच्या आधीच्या तासाचा: पन्नाशीला आलेली बाई, इतक्या पोरांचे करून थकलेली, आणि मुलगा म्हणतो चल, आणि ती चप्पल घालते.

सरकारवर विसंबावे तर तेही धड नाही. ९८८ हा तिथला संकटातल्या माणसांसाठीचा फोन. २०२२ मध्ये त्यावर अशा तरुणांसाठी तीनचा आकडा दाबायची वेगळी वाट केली होती. जुलै २०२५ मध्ये ती बंद झाली. फोन चालू आहे, ती वाट नाही. उरते ते घर, आणि घर नसेल तर घरासारखे काहीतरी. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अशा मुलांच्या लातिनो घरच्यांचीच एक संस्था आहे, तिचे नाव 'सोमोस फामिलिया'. अर्थ, 'आम्ही एक कुटुंब आहोत'. पण 'आम्ही' हा शब्द त्यात नाही. तो 'सोमोस' या क्रियापदाच्या पोटात आहे. मी माझ्या वर्गाला हे उदाहरण सांगितले आहे, अर्थ सांगितला, संस्था कसली ते नाही. आठवीच्या पुढच्यांना तेही सांगावे असे वाटते. मुख्याध्यापकांचे काय मत पडते पाहू.

अबुएलांच्या नातवाचे बरे चालले आहे, जेवतो, शिकतो. त्याच्या मित्राचे तितके नाही. त्याच्या घरी आई बोलत नाही. हाकलले नाही, पण त्या मुलाचे पान वेगळे वाढले जाते म्हणे. गेल्या दोन नाताळांत अबुएलांनी दोन-दोन डझन तमाले मोठ्या डब्यात भरून स्वतः त्या बाईच्या दारी नेऊन दिले. पहिल्या वर्षी दार उघडलेच नाही. त्यांनी डबा पायरीवर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता, मुंग्या लागलेल्या. यंदा बहिणीने लिहिले, 'ताई, या वेळी दार उघडले. बाई काही बोलली नाही, डबा घेतला आणि आत गेली. महिना झाला, डबा काही परत आलेला नाही. चांगला झाकणाचा होता. मी आजींना म्हटले, मागून आणू का? तर म्हणाल्या, नको. राहू दे त्या घरात.'